सा घर सोडतो तेव्हा : हायडनच्या सिंफनी कशा ऐकाव्यात

ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे आणि ज्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संगीत ऐकण्याची मनापासून इच्छा असूनही ते हाती लागत नाही, अशा श्रोत्यांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. मी स्वतः नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात अकरा वर्षे कंठसंगीत शिकलो. त्यानंतर पहिल्यांदा अठराव्या शतकातल्या योझेफ हायडन या ऑस्ट्रियन रचनाकाराची सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, ऐकली, तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला माझा षड्ज हरवला आणि उरलेली वीस-पंचवीस मिनिटे मी तो शोधण्यातच घालवली. सर्व वाद्ये सुरात होती, लय स्वच्छ होती, धून तर गुणगुणता येईल इतकी सोपी होती. तरीही संगीत कोठून निघाले आणि कोठे पोहोचले, याचा मला काहीच बोध झाला नाही. या संगीतात सा एका जागी बसून राहत नाही, तो घर सोडतो, दुसऱ्या घरी मुक्काम करतो आणि ठरलेल्या वेळी परत येतो, ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती. ती कळायला फार वर्षे लागली. वाचकांची ती वर्षे वाचावीत म्हणून हा खटाटोप आहे.

मोझार्ट किंवा बेथोव्हेन यांच्याऐवजी हायडनपासून सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण सा निघाला केव्हा आणि परतला केव्हा हे हायडन श्रोत्याला जितक्या उघडपणे दाखवतो तितके दुसरे कोणी दाखवत नाही. त्याच्या क्रमांक दिलेल्या सिंफनीच 104 आहेत, शिवाय क्रमांकाबाहेरच्या काही आहेत. एवढा डोंगर पाहून घाबरण्याचे कारण नाही. पुढे सांगितलेल्या क्रमाने सात-आठ रचना नीट ऐकल्या, तर उरलेल्या रचनांची वाट आपोआप दिसू लागते.

तयारी

पहिली अडचण नागपूरची आहे आणि ती उन्हाळ्याची आहे. हायडनच्या संगीतात अतिशय हळू आणि अतिशय मोठा आवाज यांतले अंतर हाच आशयाचा मोठा भाग असतो, आणि खिडकीत कूलर चालू असताना त्यातला हळू आवाज पूर्णपणे पुसला जातो. एप्रिल ते जून या काळात पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ निवडावी, कूलर बंद ठेवावा आणि शक्य असल्यास कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर चेलो आणि डबल बास ही खर्जातली मोठी तंतुवाद्ये ऐकूच येत नाहीत. आणि सा कोठे आहे हे सांगण्याचे काम बहुतेक वेळा तेच करतात, म्हणून त्या स्पीकरवर ऐकणे म्हणजे तंबोरा झाकून गाणे ऐकण्यासारखे आहे.

घरात हार्मोनियम असेल तर ती जवळ घ्यावी. नसेल तर मोबाइलवर पेटीचे आणि तंबोऱ्याचे अ‍ॅप असले तरी चालेल. रियाझासाठी ते बहुतेकांकडे असतेच.

पेटीवरचा दहा मिनिटांचा सराव

हा सराव केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पांढरी एक हा सा धरून सा रे ग म प, प म ग रे सा असे दोन-चार वेळा सावकाश वाजवावे, म्हणजे घर पक्के होईल. आता ग, तीव्र म, प एवढेच वाजवून पंचमावर थांबावे आणि हे तीन-चार वेळा करावे. मग पंचमापासून वर प ध नी सां रें सां नी ध प असे फिरावे, मधे आला तर मध्यम तीव्रच घ्यावा. एक-दोन मिनिटांत असे जाणवेल की आता विसावा पंचमावर मिळतो आहे. त्याच क्षणी जुना सा वाजवून पाहावा. तो आता सा वाटत नाही, अधांतरी लटकलेल्या मध्यमासारखा वाटतो. सा पंचमाच्या घरी राहायला गेला, याचा अर्थ एवढाच आहे. परत यायचे असेल तर शुद्ध मध्यम घेऊन प म ग रे सा असे उतरावे. शुद्ध मध्यम लागताच नवे घर मोडते आणि जुन्या घराची ओढ लागते.

यमन गाणाऱ्याला तीव्र मध्यम नवा नाही, परंतु येथे त्याची भूमिका वेगळी आहे. यमनात तो घरचा माणूस असतो. हायडनच्या मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराच्या, सुरावटीत तो बहुतेक वेळा निरोप घेऊन येणारा जासूद असतो, आणि त्याचा निरोप असा की आता पंचमाकडे निघायचे आहे. हा एक जासूद ओळखता आला, तरी सिंफनीच्या पहिल्या भागातले निम्मे कोडे सुटते.

पहिली बैठक : क्रमांक 94 चा दुसरा भाग

सिंफनीचे साधारणपणे चार भाग असतात: जलद, संथ, तीन मात्रांचा नृत्याचा मेन्युएट, आणि पुन्हा जलद. सुरुवातीला सगळे भाग ऐकू नयेत. 1792 मध्ये लंडनमध्ये प्रथम सादर झालेल्या क्रमांक 94 चा फक्त दुसरा भाग घ्यावा. त्याचा सा पांढरी एक आहे आणि धून लहान मुलांच्या गाण्याइतकी साधी आहे: सासा गग पप ग, मम रेरे नीनी प, त्यातले नी आणि प मंद्रातले. दुसऱ्यांदा सासा गग पप ग झाल्यावर ती तार षड्जावर चढते आणि तेथून तीव्र मध्यमावरून पंचमावर येऊन थांबते. आपला जासूद येथे भेटतो. मग हेच सगळे आणखी हळू आवाजात पुन्हा येते, आणि ते संपता संपता संपूर्ण वाद्यवृंद नगाऱ्यासह एकच दणदणीत कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी, वाजवतो. या आघातावरूनच या रचनेला ‘सरप्राइज’ हे नाव पडले.

नवखा श्रोता त्या आघाताची वाट पाहतो आणि तो झाल्यावर ऐकणे थांबवतो, ही या रचनेची शोकांतिका आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. खरे संगीत त्यानंतर आहे. तीच धून चार वेगवेगळ्या रूपांत समोर येते. प्रथम व्हायोलिन तिच्याभोवती नाजूक वेलबुट्टी काढतात. मग गंधार कोमल होतो आणि साधी धून एकाएकी गंभीर व कठोर होते. पुढे ओबो हे सनईच्या जातीचे वाद्य तिला जलद, तुटक स्वरांत घेते. शेवटी ती पूर्ण वाद्यवृंदाच्या थाटात येते आणि मग एका विलक्षण शांत, किंचित धूसर शेवटाकडे विरत जाते. एकच बंदिश कलावंताने वेगवेगळ्या अंगांनी मांडावी, तसे हे आहे. तो आघात मात्र पुन्हा येत नाही. एकदा धसकलेला श्रोता प्रत्येक वेळी सावध होतो, आणि त्याची ती सावधानता हायडन मुद्दाम रिकामी सोडतो.

हा भाग लागोपाठ तीन दिवस ऐकावा. तिसऱ्या दिवशी पेटीवर धून वाजवून पाहावी.

हा माणूस कोण होता

चरित्र सगळे वाचण्याची गरज नाही. परंतु ऐकताना उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी माहीत असाव्यात. हायडनचा जन्म 31 मार्च 1732 रोजी ऑस्ट्रियातल्या रोराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनवणारे सुतार होते, आई लग्नापूर्वी सरदार घराण्यात स्वयंपाक करत असे, आणि दोघांपैकी कोणालाही स्वरलेखन वाचता येत नव्हते. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला हाइनबुर्ग गावी एका नातेवाईक शिक्षकाकडे पाठवले. तेथे तो गाणे, व्हायोलिन आणि नगारे वाजवायला शिकला. पुढे व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्स कॅथेड्रलच्या गायकवृंदात त्याची निवड झाली, आणि 1749 च्या सुमारास आवाज फुटल्यावर त्याला तेथून काढून टाकण्यात आले. यानंतरची जवळजवळ दहा वर्षे त्याने शिकवण्या करून, लोकांच्या खिडक्यांखाली वाजवून आणि पोटमाळ्यावर राहून काढली. रचनेचे शास्त्र तो बहुतांशी पुस्तकांवरून स्वतः शिकला.

1761 हे साल मराठी माणसाला पानिपतामुळे पाठ असते. त्याच वर्षी 1 मे रोजी हायडनने एस्टरहाझी या अतिश्रीमंत हंगेरियन राजघराण्याची नोकरी पत्करली. त्याचा करारनामा वाचला की आपल्याकडच्या संस्थानी गवयांची आठवण होते. त्याने गणवेशात, पांढरे मोजे घालून आणि केसांना पावडर लावून हजर राहावे, दररोज दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर उभे राहून आज संगीत हवे आहे का हे विचारावे, वादकांची भांडणे मिटवावीत आणि राजाच्या परवानगीशिवाय कोणतीही रचना बाहेर देऊ नये, अशी कलमे त्यात होती. रचना राजाची मालमत्ता होती. नागपुरात भोसल्यांचा दरबार भरत होता त्या काळातली ही गोष्ट आहे, आणि राजाश्रय म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याला वेगळे भाषांतर लागत नाही.

या नोकरीचा एक परिणाम मात्र असाधारण झाला. राजा निकोलाउस याने दलदलीच्या प्रदेशात एस्टरहाझा नावाचा प्रचंड प्रासाद उभारला, आणि हायडनचे वर्षातले बरेच महिने व्हिएन्नापासून दूर, त्या एकांतात जाऊ लागले. हाताशी वाद्यवृंद होता, तो लहान होता पण त्यात उत्तम वादक होते. त्यामुळे आज लिहिलेले उद्या वाजवून पाहता येत असे, काय परिणामकारक होते आणि काय होत नाही हे स्वतःच्या कानांनी तपासता येत असे. जगापासून तुटल्यामुळे मला स्वतःचेच काही घडवणे भाग पडले, असे त्याने म्हातारपणी आपल्या चरित्रकाराला सांगितले होते. तीस वर्षांच्या या रियाझाचे फळ म्हणजे त्याच्या सिंफनी. 1779 मध्ये नवा करार झाला, रचना बाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, त्याचे नाव युरोपभर पसरले आणि 1785-86 मध्ये पॅरिसच्या संगीतसभेसाठी त्याने क्रमांक 82 ते 87 या सहा सिंफनी लिहिल्या.

1790 मध्ये राजा वारला आणि त्याच्या वारसाने वाद्यवृंद जवळजवळ मोडीत काढला. ही बातमी कळताच योहान पेटर सालोमोन हा लंडनचा व्हायोलिनवादक आणि संगीतसभांचा आयोजक व्हिएन्नाला आला आणि 58 वर्षांच्या हायडनला लंडनला घेऊन गेला. 1791-92 आणि 1794-95 अशा दोन मुक्कामांसाठी क्रमांक 93 ते 104 या बारा सिंफनी घडल्या. माझ्या मते ऐकण्याची सुरुवात या बारांपासूनच करावी. एस्टरहाझाचा श्रोता एक होता आणि तो जाणकार होता. लंडनचे श्रोते तिकीट काढून आलेले, अनोळखी आणि शेकड्यांनी होते. त्यांना वाट चुकू नये म्हणून हायडनने खुणा मोठ्या अक्षरांत लिहिल्या आहेत, आणि आपल्यालाही त्याच उपयोगी पडतात.

मुख्य बैठक : क्रमांक 104 चा पहिला भाग

येथे मात्र घाई करू नये. हा आठ-नऊ मिनिटांचा भाग निदान एक आठवडा ऐकावा.

तंबोरा पांढरी दोनमध्ये लावावा आणि रचना सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट तो ऐकून मग बंद करावा. रचना सुरू होताच आपल्या कानाला भेट मिळते. संपूर्ण वाद्यवृंद सा आणि प हे दोनच स्वर भव्यपणे उच्चारतो, आधी सा वरून वरच्या पंचमाकडे आणि मग खालच्या पंचमाकडे. गंधार नाही, त्यामुळे पुढे उजेड आहे की अंधार आहे हे अजून कळत नाही. लगेच कोमल गंधार येतो आणि संथ, गडद प्रस्तावना चालू राहते. ती शांत होऊन थांबते, आणि त्या शांततेनंतर व्हायोलिन शुद्ध गंधाराच्या प्रकाशात, हलक्या आवाजात मुख्य धून सुरू करतात. ही धून पाठ झालीच पाहिजे. बंदिशीचा मुखडा पाठ नसेल तर सम कळत नाही, तसेच येथे आहे.

धून झाल्यावर पूर्ण वाद्यवृंद मोठ्याने उसळतो, आणि या गडबडीतच स्थलांतर होते. आपल्या सरावातला तीव्र मध्यम येथे शोधावा. पुढे तीच धून पुन्हा येते, पण आता पंचमाच्या घरातून. अनेक रचनाकार नव्या घरासाठी नवी, वेगळ्या स्वभावाची धून देतात. हायडन पुष्कळदा तीच धून देतो, आणि त्यामुळे आपल्यासारख्यांची मोठी सोय होते, कारण माणूस तोच असला की घर बदलले आहे हे चटकन लक्षात येते. ही सगळी मांडणी पुन्हा एकदा वाजवली जाते. काही ध्वनिमुद्रणांत ती पुनरावृत्ती गाळलेली असते. नवख्या श्रोत्याने अशी ध्वनिमुद्रणे टाळावीत.

यानंतरचा मधला टप्पा विस्ताराचा. मूळ धुनेत एकाच स्वराच्या लागोपाठ ठोक्यांचा एक बारीक तुकडा दडलेला आहे. हायडन तेवढाच तुकडा उचलतो आणि त्यावर सगळा विस्तार उभा करतो. तुकडा या वाद्यातून त्या वाद्यात जातो, कोमल स्वरांच्या प्रदेशात शिरतो, आवाज वाढत जातो, आणि सा प्रत्येक दोन-चार क्षणांनी नवा मुक्काम करतो. येथे सा शोधू नये. हा सल्ला मला फार उशिरा मिळाला. प्रवासी गाडीत असताना त्याचे घर कोणते, हे विचारण्यात अर्थ नाही. गाडी वेगात आहे, एवढे कळले तरी या टप्प्यापुरते पुरे.

मग एका जागी सगळे थांबते आणि तीच पहिली धून, पहिल्यासारखीच हलक्या आवाजात, मूळ षड्जावर परत येते. सम येते तेव्हा मान आपोआप हलते, तशी येथे हलली पाहिजे. ती हलली की समजावे, सिंफनी ऐकता येऊ लागली. आमच्या धरमपेठेतल्या रविवारच्या बैठकीला शेजारच्या एक काकू येतात. त्यांनी आयुष्यभर भजने म्हटली आहेत, पाश्चात्त्य संगीताचे एक अक्षरही शिकलेल्या नाहीत. चौथ्या रविवारी नेमक्या याच ठिकाणी त्या म्हणाल्या, “आता आलं न घरी परत.” इतर सर्व जण तेव्हा अजून पुस्तकातल्या आकृत्या पाहत होते.

परतल्यानंतर मांडणीतले सगळे पुन्हा येते, पण आता स्थलांतर होत नाही. जे पंचमाच्या घरात ऐकले होते ते मूळ घरात ऐकू येते. शंका असेल तर एकदा, आणि एकदाच, हा सगळा भाग पांढरी दोनचा तंबोरा चालू ठेवून ऐकावा. सा बाहेर गेल्यावर तंबोरा अक्षरशः टोचू लागतो, आणि परतल्यावर तोच पुन्हा गोड होतो. संगीत म्हणून हा प्रयोग कर्कश आहे, परंतु शिक्षण म्हणून इतका स्पष्ट दुसरा उपाय मला सापडलेला नाही. त्यासाठी आधुनिक वाद्यांचे ध्वनिमुद्रण घ्यावे. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे वृंद आपली पट्टी बहुधा थोडी खाली ठेवतात, तेव्हा तंबोराही तेवढा उतरवावा लागतो.

उरलेले तीन भाग

याच क्रमांक 104 चा शेवटचा भाग त्यानंतर ऐकावा, कारण तो चक्क तंबोऱ्यासारख्या अखंड षड्जावर सुरू होतो. हॉर्न आणि चेलो सा धरून ठेवतात आणि त्यावर लोकगीतासारखी धून येते. आपल्याकडच्या श्रोत्याचा चेहरा येथे हमखास खुलतो. अर्थात तो षड्जही पुढे हलतो, पण तोवर आपण त्याच्या हलण्याला सरावलेले असतो.

संथ भागासाठी वेगळी तयारी लागत नाही. मेन्युएट तीन-तीन मात्रांत चालतो, म्हणून तो दादऱ्याजवळचा वाटतो; पण त्याला खाली नाही, प्रत्येक पहिल्या मात्रेवर वजन आहे. मेन्युएट, मग ट्रिओ नावाचा सौम्य मधला तुकडा, मग पुन्हा मेन्युएट, एवढीच त्याची रचना असते. शेवटचा जलद भाग पुष्कळदा अशा धुनेवर उभा असतो जी वारंवार परत येते, आणि ती परत येण्याआधी हायडन श्रोत्याला किती वेळ ताटकळत ठेवतो हे पाहणे हाच त्यातला आनंद आहे.

दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवू नयेत, असा आजच्या सभागृहांतला संकेत आहे आणि सभागृहात तो पाळावा. हायडनच्या लंडनमध्ये मात्र श्रोते भाग संपताच दाद देत आणि आवडलेला भाग पुन्हा वाजवायला लावत. घरी ऐकताना ‘वाहवा’ तोंडातून निघाली तर ती अडवू नये. ज्यांच्यासाठी हे संगीत लिहिले गेले तेही गप्प बसत नव्हते.

नावे आणि त्यांचे धोके

सिंफनींना चिकटलेली बहुतेक नावे हायडनची नाहीत. क्रमांक 101 ला ‘क्लॉक’ म्हणतात, कारण दुसऱ्या भागात बासून हे खर्जातले फुंकवाद्य आणि बोटांनी छेडलेल्या तारा घड्याळासारख्या टिकटिकतात. नाव एवढ्यापुरते उपयोगी आहे. क्रमांक 96 ला ‘मिरॅकल’ म्हणतात, कारण तिच्या प्रयोगाच्या वेळी झुंबर कोसळूनही कोणी दगावले नाही अशी समजूत होती; प्रत्यक्षात झुंबर पडले ते 1795 मध्ये, क्रमांक 102 च्या वेळी. नावावरून ऐकण्याची अपेक्षा ठरवू नये.

क्रमांक 100, म्हणजे ‘मिलिटरी’, याला माझा अपवाद आहे. तिच्या दुसऱ्या भागात एक सालस धून शांतपणे चालली असताना ट्रँगल, झांजा आणि मोठा ढोल एकदम घुसतात. पुढे ट्रम्पेटवर लष्करी इशारा वाजतो, नगारा घुमत चढतो आणि वाद्यवृंद कोसळतो. युरोपात फ्रान्सशी युद्ध पेटलेले असताना, 1794 मध्ये, लंडनच्या श्रोत्यांनी हे ऐकले. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी जुन्या नागपुरातल्या अरुंद गल्लीत उभ्या राहिलेल्या माणसाला लांबून येणारा ढोल आधी छातीत जाणवतो आणि मग कानात. तो अनुभव आठवून हा भाग ऐकावा.

दोन ठिकाणी थांबावे

क्रमांक 88 चा संथ भाग ओबो आणि चेलो एकत्र गातात. ही सिंफनी ऐकताना पहिल्या भागात ट्रम्पेट आणि नगारे नाहीत हे ध्यानात ठेवावे. वादक रंगमंचावर बसलेले असतात, पण गप्प असतात. हायडन त्यांना पहिल्यांदा तोंड उघडू देतो ते या संथ भागात, जेथे त्यांची कोणीच अपेक्षा करत नाही. माझ्या दृष्टीने हायडनच्या संयमाचे हे सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे क्रमांक 90 चा शेवटचा भाग. पांढरी एकमध्ये सगळे जोरात संपते, चार मापांची, म्हणजे तालाच्या चार छोट्या आवर्तनांएवढी, पूर्ण शांतता पसरते, श्रोते टाळ्यांसाठी हात उचलतात, आणि संगीत काळी एकमध्ये, म्हणजे अर्ध्याच स्वराने वर, हळूच पुन्हा सुरू होते. फसवी तिहाई घेऊन सम टाळणाऱ्या तबलजीला जसे हसून दाद देतो, तशीच दाद येथेही द्यावी. बटणाकडे हात मात्र लगेच नेऊ नये.

कोणते ध्वनिमुद्रण

नागपुरात कायमस्वरूपी सिंफनी वाद्यवृंद नाही. प्रत्यक्ष ऐकायचे तर मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एन.सी.पी.ए.) 2006 पासून कार्यरत असलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामाकडे लक्ष ठेवून रात्रीची गाडी धरावी. तोवर ध्वनिमुद्रणांवर भागवावे लागते. आंताल डोराती या वाद्यवृंद-संचालकाने फिलहार्मोनिया हंगारिका या वृंदाकडून सगळ्या सिंफनी ध्वनिमुद्रित करून घेतल्या. 1956 च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेल्या वादकांचा हा वृंद होता. नवख्या श्रोत्याला मी हाच संच सुचवतो, कारण त्याचा वेग समंजस आहे आणि आवाज भरीव आहे. कान सरावल्यावर जिओव्हानी अँतोनिनी या वाद्यवृंद-संचालकाचे ऐकावे. 2032 मध्ये हायडनच्या जन्माला 300 वर्षे होतील, तोपर्यंत सर्व सिंफनी पूर्ण करण्याचा त्याचा संकल्प आहे. त्यात जुनी वाद्ये आहेत, हॉर्न खरखरीत आहेत आणि नगारे कोरडे, टणक वाजतात.

शेवटची बैठक : क्रमांक 45

हिच्यासाठी पावसाळा सुरू होऊन कूलर बंद होण्याची वाट पाहिली तरी चालेल, कारण हिचा शेवट फार हळू आहे. 1772 मध्ये राजा निकोलाउसचा एस्टरहाझातला मुक्काम लांबतच गेला. बहुतेक वादकांना बायकामुले तेथे आणण्याची मुभा नव्हती आणि ते घरच्या ओढीने व्याकूळ झाले होते. त्यांनी आपल्या प्रमुखाला काहीतरी करा म्हणून विनवले. हायडनने अर्ज लिहिला नाही. त्याने सिंफनी लिहिली आणि तिचा सा काळी तीन ठेवला, गंधार कोमल. त्या काळच्या हॉर्नला ही पट्टी वाजवता येत नसे, म्हणून त्यासाठी नळीचे खास तुकडे बनवून घ्यावे लागले होते.

पहिला भाग जवळजवळ सगळा खवळलेला आहे. मधेच एक मृदू धून येते, आणि ती पुन्हा कधीच येत नाही. तिची नोंद मनात करून ठेवावी. शेवटचा जलद भागही त्याच आवेशात धावतो आणि अचानक तुटतो. त्या जागी पांढरी सहामध्ये एक संथ, तीन मात्रांचे संगीत सुरू होते, ज्याची तेथे कोणाला कल्पनाही नसते. मग एकेक वादक आपले थोडेसे वाजवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. पहिला ओबो आणि एक हॉर्न जातात, मग बासून, मग दुसरा ओबो आणि दुसरा हॉर्न. डबल बासला जाण्यापूर्वी एक लांब, एकट्याचे बोलणे दिलेले आहे, आणि त्याचे बोलणे चालू असतानाच सा पांढरी सहा सोडून काळी तीनकडे परतू लागतो. हे सर्वांत महत्त्वाचे आहे. ध्वनिमुद्रणात वादक जाताना दिसत नाहीत, म्हणून बास केव्हा थांबला हे कानांनीच टिपावे लागते. चेलो जातो, इतर व्हायोलिन जातात, व्हियोला जातो. उरतात दोन व्हायोलिन, तारांवर दाब बसवून आवाज मंद केलेली. त्या प्रयोगात त्यांतले एक वृंदाचा मुख्य व्हायोलिनवादक लुइजी तोमासिनी आणि दुसरे स्वतः हायडन वाजवत होता. राजाला अर्थ कळला आणि निघण्याची आज्ञा झाली.

ऐकण्यापूर्वी तंबोरा काळी तीनमध्ये लावून ठेवावा आणि बंद करावा. ती दोन व्हायोलिन अगदी शेवटच्या स्वरांवर आली की तो अतिशय हळू आवाजात सुरू करावा. गंधार आता शुद्ध झालेला असतो, आणि सूर जुळतो.